शाळेतला हादगा का थांबला?

हस्ताचा पाऊस लागला की शाळेत पाटावर हत्ती काढायचा, भोवती मुलींनी फेर धरायचा आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, हे आठवतं ना? आता बऱ्याच शाळांत हादगा-भोंडला बंद तरी झालाय, नाहीतर अर्ध्या तासात उरकतात.

यात सगळा दोष गुरुजी-बाईंचा नाही. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला कायद्यानं दोन शिक्षक. पहिली ते पाचवीचे वर्षाला किमान २०० दिवस शिकवणं भरायला हवं. त्यातच सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते.

दुसरं कारण आपल्या घरातलं. नवं परकर-पोलकं, बांगड्या, वर्गणी. ज्या घरी पैसे नसतात, तिथली लेक त्या दिवशी शाळा बुडवते. असा थाट कमी झाला तर बरंच आहे. पण फेर धरायला कुठे पैसे लागतात?

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. पुढच्या बैठकीत एवढं मांडा: फेर शेवटच्या तासाला, गणवेशातच. मुलगेही येऊ देत, सक्ती मात्र कुणावरच नको. खिरापत सगळ्यांना एकच, गूळ-फुटाणे. बाईंवर भार नको, गाणी सांगायला गटातल्या आजीबाई जातील.

ही गाणी आजींना तोंडपाठ आहेत. नातवंडांनी ऐकली नाहीत, तर ती आजींबरोबरच जातील.