बुरसट वैरण आणि शेतकऱ्याचें फुप्फुस

भिजलेली वैरण जनावरास बाधते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तीच वैरण सोडणाऱ्या मनुष्याच्या छातीसही बाधते, हें मात्र आमच्या घरीं फार उशिरां कळलें.

आमचे वडील बंधु घरची शेती पाहत. एका पावसाळ्यांत कडब्याच्या गंजींत पाणी शिरलें. पुढें बंधु रोज सकाळीं तींतून पेंढ्या काढीत. पेंढी झटकली कीं पांढुरक्या धुळीचा लोट उठे. दुपार कलतां त्यांस थंडी वाजून ताप येई, कोरडा खोकला लागे, छाती आवळे. उजाडतां बरें वाटलें कीं पुनः गंजीकडे. हिवताप समजून रक्त तपासविलें, त्यांत कांहीं निघालें नाहीं. लेकीच्या गांवीं आठ दिवस राहिले, तर तापाचें नांव नाहीं! आम्हीं सारी हयात पाहणीपत्रकें ताडून पाहण्यांत घालविली. पण हा एवढा ताळा आम्हांस जमला नाहीं.

या विकारास वैद्यकांत ‘शेतकऱ्याचें फुप्फुस’ असेंच नांव आहे. इंग्लंडांतील वेस्टमोरलंड भागांतले असे रोगी डॉ. कॅम्बेल यांनीं १९३२ सालीं वर्णिले. ओल्या गवतास ऊब चढून त्यांत जे सूक्ष्म जंतु वाढतात, त्यांच्याशीं याचा संबंध असल्याचें पेपिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६३ सालीं दाखविलें. हा रोग संसर्गजन्य नव्हे. त्या धुळीवर शरीरच उलट उठतें आणि फुप्फुसास सूज येते. लक्षणें धूळ छातींत गेल्यावर चार ते आठ तासांनीं दिसतात, म्हणून कारण ध्यानांत येत नाहीं.

जुनाट प्रकार याहून फसवा. त्यांत ताप बहुधा नसतोच. धाप वाढत जाते, वजन उतरतें, कित्येकांच्या बोटांचीं टोकें फुगीर होतात. लोक त्यास दमा किंवा क्षय समजतात. डॉक्टरांस आपण कसली धूळ घेतों हें आपण होऊन सांगावें, छातीचा सी. टी. स्कॅन व श्वासाची मोजणी त्यांस मग नेमकी उपयोगी पडते.

उपचारांत पहिला उपाय धूळ तोडणें हाच. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं सूज उतरते, परंतु त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्याव्या. आणि गंजी सुटली नाहीं तर त्यांचा उपयोग टिकत नाहीं. फुप्फुसांत एकदां वण धरले कीं ते जात नाहींत. निंटेडॅनिबसारख्या औषधानें त्यांची वाढ मंदावतां येते; पुढें कित्येकांस प्राणवायु लावावा लागतो.

कडबा पुरता वाळल्यावांचून रचूं नये. बुरसटलेली गंजी सोडणें भागच असेल, तर आधीं पाणी शिंपडून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून सोडावी. उपरण्यानें ही बारीक धूळ अडत नाहीं. एन-९५ जातीची मुखपट्टी नाकास घट्ट बसवावी. ज्यास एकदां बाधलें, त्यानें मात्र हें काम दुसऱ्याकडेच सोंपवावें.

बंधूंस आतां माडीचा जिना एका दमांत चढवत नाहीं. ते ओट्यावर बसून गड्याचें काम पाहतात. गडी मुखपट्टी गळ्यांत अडकवून पेंढ्या काढूं लागला, कीं त्यांची हांक आम्हांस आंतपर्यंत ऐकूं येते, आणि मागोमाग त्यांचा खोकलाही.