उपवासाच्या दिवशी इन्सुलिन

उसाच्या आणि गुळाच्या कागल तालुक्यात मधुमेह झालेल्यास पहिला सल्ला मिळतो तो ‘गोड सोडा’ हा. तो योग्य असला तरी अपुरा आहे. माणूस उपाशी असतानाही यकृत रक्तात साखर सोडीत असते आणि तिला आवर घालण्याचे काम इन्सुलिन अहोरात्र करते. ज्यांच्या शरीरात ते पुरेसे निर्माण होत नाही, त्यांपैकी अनेकांना दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन टोचून घ्यावे लागते.

१९२१ साली टोरांटो येथे शोधलेल्या इन्सुलिनचा परिणाम काही तासांतच ओसरे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी प्रोटामाइन मिसळून तो लांबविला. २००० सालापासून वापरात आलेले ग्लार्जिन सुमारे २४ तास काम करते.

म्हणूनच एकादशीला ‘आज जेवण नाही, मग सुई कशाला?’ असे म्हणून ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. त्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. उलट, ऊसतोडीसारख्या श्रमानंतर साखर रात्रीही घसरू शकते. घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर पाण्यात तीन चमचे साखर घालून द्यावी. त्या घटकेला गोड हेच औषध! पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. रोगी बेशुद्ध असल्यास मात्र तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात हलवावे.