'नेव्ह' आणि 'नाइट' : दोन बालवाचक शब्दांची अर्थान्तरे

आधुनिक इंग्रजीत 'नेव्ह' म्हणजे लबाड मनुष्य आणि 'नाइट' म्हणजे राजमान्यता लाभलेला वीर. मुळात हे अंतर नव्हते. प्राचीन इंग्रजीतील 'क्नाफा' व 'क्निह्त' या त्यांच्या पूर्वरूपांचा अर्थ 'मुलगा' असाच होता. एकाच अर्थापासून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एकाच्या वाट्यास अपकर्ष व दुसऱ्याच्या वाट्यास उत्कर्ष का यावा, हा प्रश्न विचारार्ह आहे.

दोन्ही शब्दांची पहिली पायरी समान आहे. कामास ठेवलेल्या पोरास 'मुलगा' म्हणून हाक मारली जाई. त्यामुळे वयवाचक शब्द सेवकवाचक झाला. मराठीतील 'पोऱ्या' या शब्दातही हीच प्रक्रिया दिसते. पुढे मात्र वाटा फुटल्या. 'नाइट' हा शब्द राजाच्या वा सरदाराच्या पदरी शस्त्र धरणाऱ्या अश्वारूढ सेवकास लागला आणि त्या वर्गाच्या प्रतिष्ठेबरोबर वर चढला. 'नेव्ह' हलकी कामे करणाऱ्या गड्याचाच वाचक राहिला, आणि वरिष्ठ वर्ग कनिष्ठांच्या ठायी जे दुर्गुण कल्पीत असे ते त्यास चिकटले. जमीनदाराच्या बांधील कुळाचा वाचक 'व्हिलन' हा शब्द खलपुरुषास लागला, तोही याच न्यायाने.

जर्मन भाषेतील सजातीय शब्दांचा इतिहास निराळा आहे. तेथे 'क्नाबे' म्हणजे मुलगाच राहिला, तर 'क्नेख्त' हा 'गडी' या अर्थावर स्थिरावला. यावरून असे दिसते की, अर्थाची दिशा शब्दाच्या व्युत्पत्तीने नव्हे, तर तो ज्या समाजस्थितीत वापरला जातो तिने ठरते.

नवा अर्थ आला म्हणजे जुना तत्काळ लोपतो, असेही नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर पुत्रजन्माच्या संदर्भात 'नेव्ह' हाच शब्द योजतो. शेक्सपिअरचा लिअर आपल्या विदूषकास आणि ब्रूटस आपल्या पोरसवदा सेवकास ममतेने याच शब्दाने संबोधतो. पत्त्यांतील ज्या पानास मराठीत 'गुलाम' म्हणतात, त्याच्या 'नेव्ह' या इंग्रजी नावात सेवकार्थच टिकून राहिला. डिकन्सच्या १८६०-६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये त्याच पानास 'जॅक' म्हणणारा पिप उपहासाचा विषय होतो. म्हणजे त्या काळी 'नेव्ह' हेच नाव सभ्य गणले जाई.

म्हणून जुनी संहिता वाचताना केवळ शब्दकोशातील आजचा अर्थ पुरेसा ठरत नाही. वक्ता कोण, श्रोता कोण आणि त्यांचे परस्परसंबंध काय, हे पाहिल्यावाचून ममतेचे संबोधन शिवी म्हणून वाचले जाण्याचा संभव आहे.