वावड्याच्या घरातले बाळ आणि त्याचा पहिला घास

बाळ पाच महिन्यांचे झाले की घरात उष्टावणाची बोलणी सुरू होतात. मामा कोण, वाटी चांदीची की स्टीलची, हे सगळे ठरते. पण ज्या घरात बापाला दमा आहे, आईच्या अंगावर मासळी खाल्ली की गांधी उठतात, थोरल्या भावंडाला इसब आहे, त्या घरात आनंदाबरोबर एक धास्तीही असते. "याला काय द्यायचं, आणि कधी द्यायचं?" आज त्याच धास्तीविषयी बोलायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण दमा माझ्या घरचा आहे आणि हा प्रश्न माझ्या माजघरातून दोनदा गेलेला आहे.

ज्याला आपण वावडे म्हणतो त्यालाच डॉक्टर अॅलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. वावडे म्हणजे अपचन नव्हे. एरवी जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून अन्नालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. ही चूक करण्याची प्रवृत्ती वंशातून येते, पण पदार्थ मात्र ठरलेला नसतो. बापाला कोळंबी चालत नाही म्हणून मुलालाही चालणार नाही, असा हिशेब मांडू नये. बापाला शिंका, मुलाला इसब, नातवाला अंड्याचे वावडे, असेही होते.

माझी मुलगी २००६ साली जन्मली. तिच्या गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत इसब होता. आम्हांला सल्ला मिळाला की अंडे दोन वर्षे नको, शेंगदाणा तीन वर्षे नको. सल्ला देणाऱ्यांचा दोष नव्हता. तेव्हाचे शास्त्रच तसे सांगत होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली हाच उपदेश केला होता. आम्ही तो अक्षरशः पाळला. आता आमचे घर पडले सोलापूरकडचे! जिथे आमटीत कूट, भाजीत कूट आणि ताटात शेंगदाण्याची चटणी, तिथे एका जिवापासून शेंगदाणा लपवायचा म्हणजे काय दिव्य असते ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. मुलगी साडेतीन वर्षांची झाली आणि आषाढी एकादशीला तिने दाण्याचा लाडू खाल्ला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ओकाऱ्या सुरू झाल्या. दवाखाना जवळ होता म्हणून निभावले.

पुढे शास्त्राने आपले मत बदलले. ते कसे बदलले, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांनाही सांगण्याजोगे आहे. लंडनचे डॉक्टर गिडिऑन लॅक आणि त्यांचे सहकारी यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे इस्राएलमधील ज्यू मुलांच्या मानाने सुमारे दसपट होते. वंश एकच; मग फरक कशाचा? इस्राएलमध्ये शेंगदाण्याचा एक कुरकुरीत खाऊ बाळांना वर्षाच्या आतच देतात. ब्रिटनमध्ये तो टाळत होते. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. मग त्यांनी रीतसर प्रयोग केला. चार ते अकरा महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली ६४० बाळे घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमाने दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. पाच वर्षांची झाल्यावर तपासले, तर वर्ज्य केलेल्यांत शेकडा १७ मुलांना वावडे होते आणि खाणाऱ्यांत शेकडा ३. हा निकाल २०१५ सालचा.

असे का व्हावे? तज्ज्ञांचे म्हणणे असे, की इसबाने कातडी फाटलेली असते आणि घरातल्या धुळीत, हातांवर, पांघरुणावर अन्नाचे कण असतातच. ते कातडीवाटे आत शिरले की शरीर त्यांना चोर समजते. तेच तोंडावाटे, पोटातून गेले तर पाहुणा समजते. आमच्या घरी काय झाले असेल ते मला तेव्हा उमगले. मुलीच्या तोंडात दाणा नव्हता, पण आमच्या सगळ्यांच्या हातांना कूट होतेच की! यामुळेच झाले असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण मन तिकडेच जाते.

तर मग केव्हा सुरू करावे? वावड्याच्या घरातही सहा महिने पुरे झाले की सुरू करावे. तोवर निव्वळ आईचे दूध. "दूध पुरत नाही" म्हणून तिसऱ्या महिन्यात वरचे चारू नये. तसेच "घराण्यात वावडं आहे" म्हणून वर्षभर थांबूही नये. आईनेही गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना शेंगदाणा, अंडे सोडण्याचे कारण नाही. तिला स्वतःला सोसत असले म्हणजे झाले.

सुरुवात नेहमीचीच. मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची पेज, वर थोडे तूप. ते रुळले की लांबण न लावता अंडे आणि शेंगदाणा आणावा. अंडे पुरते उकडलेले, कुस्करून. दाणे भाजून, साले काढून, अगदी बारीक वाटून पेजेत शिजवावेत. कुबट दाणा घेऊ नये. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत देऊच नये. तो श्वासनलिकेत अडकतो. मध वर्षाच्या आत मुळीच नको, ते चाटणाची हौस असली तरी. नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळी, बाळ ठणठणीत असताना, प्रथम बोटाच्या टोकावर मावेल इतका. पुढचा पदार्थ दोन-तीन दिवसांनी. एकदा सोसला की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावा. एकदाच देऊन सोडून देण्यात अर्थ नाही.

मात्र बाळाला मोठा इसब असेल, किंवा एखाद्या पदार्थाने आधीच त्रास झाला असेल, तर अंडे-दाणे घरच्या घरी सुरू करू नयेत. आधी डॉक्टरांना दाखवावे, पण लवकर. सहावा महिना लागण्यापूर्वीच. आणि खाल्ल्यावर बाळाला धाप लागली, आवाज बसला किंवा ते मलूल पडले, तर हळद-लिंबू करीत बसू नये. १०८ ला फोन करावा.

आमचा धाकटा २०१६ चा. इसब त्यालाही होता. पाचव्या महिन्यातच डॉक्टरांकडे नेला, त्यांनी तपासून सांगितले तसे सातव्या महिन्यात कुटाची पेज सुरू केली. पहिल्या घासाला माझी आई देवघरात जाऊन बसली होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. काही झाले नाही. दोन मुलांवरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळते. पण आता तो चटणी-भाकरी खातो, आणि त्याची बहीण त्याच्या शेजारी न बसता दोन पाट सोडून बसते.