कावळे मेले, मग कोंबडी खायची का?

जानेवारी २०२५च्या मध्याला उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडू लागले. पन्नासच्या वर गेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत पोचले, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि शहराभोवतीचा १० किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या किवळ्यालाही कोंबड्यांत हा रोग सापडला. आदेश निघाले, पण ते तहसीलदाराला कळतील अशा मराठीत. चुलीवर कालवण ठेवणाऱ्या बाईचे प्रश्न निराळे असतात, आणि त्यांची उत्तरं वेळेवर मिळाली नाहीत की ती व्हॉट्सअ‍ॅप देतं.

‘दहा किलोमीटरातल्या सगळ्या कोंबड्या मारणार.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. हे ऐकलं की माणूस रातोरात कोंबड्या बाजाराला काढतो, नाहीतर पाहुण्यांकडे पोचवतो, आणि त्यांच्याबरोबर रोगही गाव बदलतो. खरं तर पाळीव कोंबड्यांत रोग निघाला तरी पक्षी नष्ट करतात ते साधारण १ किलोमीटरच्या आत. तिथून १० किलोमीटरपर्यंत पाळत असते आणि ने-आणीवर निर्बंध. रोग नुसत्या कावळ्यांत असेल तर परसातल्या कोंबड्यांवर लक्ष ठेवतात, त्या मारत नाहीत.

‘सांगितलं तर आपलंच नुकसान.’ इथे हिशेब नेमका उलटा आहे. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. २०२१च्या साथीत आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये दर होता. म्हणजे चार कोंबड्या मेल्यावर जो बोलला त्याला उरलेल्यांचे पैसे मिळतात; सगळ्या मरेपर्यंत जो गप्प बसला त्याच्या हाती काही नाही. शिवाय संशयित मरतूक कळवणं २००९च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या मते गावात भोंग्यावरून सांगायचं पहिलं वाक्य हे पैशाचं असावं, विषाणूचं नंतर. आणि उदगीर, देगलूरच्या बाजारात ते नुसतं मराठीत सांगून भागायचं नाही; दखनी, तेलुगू, कन्नड बोलणाराही तिथे कोंबडी विकायला बसलेला असतो.

‘मेली म्हणजे बर्ड फ्लूच.’ मानमोडी या रोगानेही कोंबड्या अशाच झपाट्याने जातात. त्याच जानेवारीत अहमदपूर तालुक्यात ढाळेगावला सुमारे ४२०० पिल्लं मेली, तेव्हाही नमुने पुण्याला पाठवावेच लागले. नुसतं बघून पशुवैद्यकालाही खात्री देता येत नाही. त्याने ‘अहवाल आल्यावर सांगतो’ म्हटलं, तर तो काही लपवत नसतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. ७० अंश तापमानाला हा विषाणू मरतो आणि आपलं रटरटलेलं कालवण त्याच्या कितीतरी पुढे असतं. धोका आहे तो आजारी किंवा मेलेली कोंबडी सोलण्यात, पिसं उपटण्यात, आणि अर्धवट शिजलेल्या अंड्यात. २०२०च्या फेब्रुवारीत तर कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली होती. कोंबडीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, पण राज्यभर भाव कोसळला आणि पोल्ट्रीवाले बुडाले. म्हणून ‘काळजी घ्या’ एवढंच सांगणं निरुपयोगी. काय करायचं नाही ते नाव घेऊन सांगावं लागतं.

माणसांबाबत दोन टोकं ऐकू येतात: ‘आपल्याला होतच नाही’ आणि ‘झाला की मेलाच’. २००३पासून जगभरात साडेनऊशेहून अधिक माणसांना बर्ड फ्लूचा एच५एन१ प्रकार झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. भारतात २०२१मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एक मुलगा त्याने गेला. पण लागण मुख्यतः आजारी पक्ष्यांच्या जवळच्या संपर्कातून होते. माणसामाणसांत तो सलग पसरताना दिसलेला नाही.

गावची आशा स्वयंसेविका वही घेऊन पुन्हा पुन्हा दारात येते ती या संपर्कावर लक्ष ठेवायला. ‘आमच्यातच का? शेजारी काय म्हणतील?’ हे तिला ऐकावं लागतंच. तिची यादी रोग्यांची नसते. कोंबड्या हाताळलेल्या माणसांना १० दिवसांत ताप येतो का, एवढंच ती बघते. ताप-खोकला आलाच तर दवाखान्यात गेल्यावर ‘आमच्याकडे कोंबड्या मेल्या होत्या’ हे आधी सांगा. गर्दीत डॉक्टरला ते विचारायचं सुचेलच असं नाही.