जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, मुलांना लिनक्स शिकू द्या

गेल्या महिन्यात छावणीतली दहावीची एक मुलगी मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. ‘‘सर, दुकानदार म्हणतो यावर नवं विंडोज चढणार नाही, नवा घ्या. अब्बू म्हणतात, या वर्षी जमणार नाही.’’

अशी अडचण आज अनेक घरांत आहे. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज 11 चालत नाही. मग काही जण चोरीची कॉपी टाकून घेतात. परीक्षेत कॉपी करू नका असं मुलांना सांगायचं आणि घरी हे, कसं चालेल?

यावर उपाय आहे लिनक्स. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. ते मोफत वापरायची, वाटायची आणि बदलायचीही परवानगी आहे. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीही लिनक्सच आहे.

कोणतं निवडावं?

नवशिक्यांसाठी माझी पसंती लिनक्स मिंट. मेनू विंडोजसारखा, त्यामुळे मुलं गोंधळत नाहीत. 64-बिट प्रोसेसर, किमान 2 जीबी रॅम (4 असेल तर उत्तम) आणि 20 जीबी जागा लागते. मशीन जुनं असेल तर त्याची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. उबंटू चांगलंच, पण थोडं जड. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे. व्हिडिओ बघून मुलं ‘काली लिनक्स’ मागतात. ते सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांसाठी आहे, शिकायला नको.

आधी चालवून बघा

8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट तयार करून घ्या. पेन ड्राइव्हमधलं जुनं सगळं जाईल, हे लक्षात ठेवा. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की काही न बदलता मिंट वापरून बघता येतं. वाय-फाय, आवाज, कीबोर्ड नीट चालतात का तपासा. इन्स्टॉल करण्याआधी फोटो, मार्कशीट, दाखले दुसरीकडे उतरवून ठेवा. ‘डिस्क पुसा’ हा पर्याय दाबला तर सगळं जातं.

काय मिळेल, काय नाही?

पत्र, हिशेब, प्रेझेंटेशनसाठी लिबर ऑफिस सोबतच येतं. मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करता येतात. नस्तालीकसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत फॉन्ट आहे. पायथॉन आधीच असतं. लहानग्यांसाठी ‘जीकॉम्प्रि’ टाका. पण इनपेज, टॅली आणि एमएस ऑफिस थेट चालत नाहीत. मुलाच्या क्लासला तेच लागत असेल, तर दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवता येतात, मात्र ते काम जाणकाराकडून करून घ्या.

शिकायला आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीत आहेत, तेही मोफत.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी मिळून मिंट टाकलं. आता ती धाकट्या भावाला टायपिंग शिकवते. नवा लॅपटॉप येईल तेव्हा येईल. तोवर तिचं शिकणं थांबलेलं नाही.