शब्द मोठे, बँड छोटा!

‘प्लेथोरा’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात? टीम मीटिंगमध्ये? कँटीनच्या रांगेत? आठवत नाही ना? पण आयल्ट्सची तयारी करणाऱ्या कुणाच्याही वहीत डोकावून बघा, पहिल्याच पानावर तो भेटेल. सोबत ‘युबिक्विटस’, ‘अमेलियोरेट’ वगैरे भारदस्त मंडळी. रोज वीस शब्द, तीस दिवस, सहाशे शब्द. झाली तयारी!

खरंच होते का हो?

माझ्या एका मैत्रिणीचं बघा. आयटीत सहा वर्षं, दिवसभर क्लायंटशी इंग्रजीतच बोलणं. कॅनडाच्या पीआरसाठी तिनं आयल्ट्स दिली. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५. पुन्हा दिली, रायटिंग पुन्हा ६.५! अर्ध्या बँडनं काय होतंय, असं वाटेल. पण कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर, म्हणजे सीएलबीवर, नववी पायरी गाठायला लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. चारही ठिकाणी ती पायरी गाठली, की एक्स्प्रेस एंट्रीतले पॉइंट्स टुणकन उडी मारतात. नाहीतर बसा वाट बघत.

तिचे सरावाचे निबंध मी वाचले. शब्दांची नुसती आतषबाजी! ‘प्लेथोरा ऑफ ट्रॅफिक’ काय, ‘अमेलियोरेट द पॉटहोल्स’ काय! अहो, अमेलियोरेट होते ती परिस्थिती. खड्डे ‘रिपेअर’ होतात, नाहीतर ‘फिल’.

गोम इथेच आहे. आयल्ट्सच्या रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला, म्हणजे ‘लेक्सिकल रिसोर्स’ला २५ टक्के वजन असतं. स्पीकिंगमध्येही तेवढंच. पण सातव्या बँडसाठी परीक्षक फक्त कमी वापरातले शब्द मोजत बसत नाही. शब्द योग्य सोबत्याबरोबर आलाय का, हेही बघतो. या सोबतीला म्हणतात ‘कोलोकेशन’.

नाव अवघड असलं तरी प्रकार आपल्या घरचाच. मराठीत पाऊस पडतो, भूक लागते आणि थंडी वाजते. कुणी ‘मला थंडी लागतेय’ म्हणालं, की आपण लगेच ओळखतो, हिंदी सीरियल जास्त झाल्यात! अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. परीक्षकाचंही तसंच. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. ‘स्ट्राँग रेन’ म्हटलं, की त्याचा कान टवकारलाच. होमवर्क ‘डू’ करायचा, मिस्टेक मात्र ‘मेक’.

मग शब्द पाठ करायचेच नाहीत? करा की, पण कामाचे करा. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ‘अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. विद्यापीठीय लेखनातला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळून त्यांनी ५७० शब्दकुळं निवडली. अशा लेखनातले साधारण १० टक्के शब्द या यादीतले असतात. यादीचे दहा गट आहेत आणि सर्वाधिक वापरातले शब्द पहिल्या गटात. त्यात कोण आहे? ‘असेस’, ‘बेनिफिट’, ‘इश्यू’, ‘पॉलिसी’, ‘रोल’, ‘सिग्निफिकंट’. म्हणजे तुमच्या कालच्याच पीपीटीतली मंडळी!

फक्त त्यांना एकेकटं पाठ करू नका. वहीत शब्द लिहिलात, की शेजारी त्याचे दोन-तीन सोबती लिहा. ‘इश्यू’ रेज होतो, अ‍ॅड्रेस होतो. ‘पॉलिसी’ इम्प्लिमेंट होते. ‘रोल’ प्ले होतो, त्याच्या आधी ‘सिग्निफिकंट’ही शोभतो. मग त्या जोडीचं एक वाक्य स्वतःच्या कामावरून बनवा. दिवसाला पाच शब्द पुरे. आणि हो, ऑफिसच्या मेलमधलं ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ ऑफिसातच ठेवा. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही आणि ‘रिव्हर्ट’मध्ये ‘बॅक’ आधीच आहे.

मैत्रिणीनं तिसऱ्यांदा फी भरलीय, परीक्षा पुढच्या महिन्यात. सहाशे शब्दांची वही कपाटात गेली. नव्या वहीत शब्द जेमतेम दीडशे, पण एकही एकटा नाही. परवा तिनं ट्रॅफिकवरचा नवा निबंध पाठवला. त्यात ट्रॅफिक नुसताच ‘हेवी’ होता आणि मला एकदाही डिक्शनरी उघडावी लागली नाही.